वल्लरीची ओटी

रविवार, १४ जुलै

आलो बाई एकदाचे! पापाटोएटोच्या दोन खोल्यांतून फ्लॅट बुश उपनगरातल्या पाच खोल्यांत. प्रसादने सामानाचा ट्रक स्वतः चालवला आणि लेटरबॉक्सला धडक देऊन गृहप्रवेश साजरा केला. शेजारच्या सामोअन आजोबांनी तो खांब हसत हसत सरळ करून दिला, वर झाडाची लिंबं पिशवीभर दिली. अनुष्का, म्हणजे आमची चार वर्षांची कन्या, प्रत्येक खोलीत जाऊन "धिस इज माइन" असं ओरडून आली. नवं घर म्हणून नवी वही काढली आहे. रोज दोन ओळी तरी लिहायच्या असा पण केलाय. बघू किती दिवस टिकतो.

घर सुंदर आहे आणि कर्ज त्याहून मोठं आहे. मला पूर्ण वेळ नोकरी केल्याशिवाय गत्यंतर नाही. रस्ते आखणाऱ्या आमच्या कंपनीत पाचच्या आत कुणी उठत नाही आणि मोटरवेवरून घरी यायला तास जातो. गॅरेजला लागून एक छोटी खोली आहे, खिडकी कुंपणाकडे उघडणारी. तिथे कुणी राहायला आलं तर अनुष्काचाही प्रश्न सुटेल आणि स्वयंपाकाचाही. इथल्या गोऱ्या मैत्रिणी ओ पेअर ठेवतात, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळणारी परदेशी मुलगी. आपण आपल्यातलीच एखादी मुलगी शोधू, असं मी प्रसादला म्हटलं. तो म्हणाला, घरातलं सगळं तू बघतेस, हेही बघ.

रविवार, २१ जुलै

वल्लरी आली. चोवीस वर्षांची, मूळची विट्याची. इथे येऊन डिप्लोमा केला, व्हिसा आहे, पण मनासारखी नोकरी नाही. एक बॅग, एक पोळपाट आणि पायात झिजलेले जॅन्डल्स, म्हणजे रबरी स्लिपर, एवढाच संसार. अनुष्काने पाच मिनिटांत तिच्या ओढणीचा तंबू केला.

राहणं, खाणं आणि आठवड्याला दोनशे डॉलर असं ठरलं. ठरलं म्हणजे मी सांगितलं आणि तिने मान हलवली. लिहून वगैरे काही घेतलं नाही. किती तास काम असेल, असं तिने लाजत विचारलं तेव्हा मी हसून म्हटलं, "अगं, तू आता घरचीच. घरच्यांचे हिशेब पैशात करायचे नसतात." तीही हसली. खोली दाखवताना खिडकी उघडली तर समोर फळ्यांचं कुंपण. ती म्हणाली, छान आहे ताई, शांत आहे.

तिच्या आईशी, वासंतीकाकूंशी, व्हिडिओवर बोलणं झालं. एकट्याच असतात, उडदाचे पापड करून विकतात. दोन्ही गुडघे गेलेत, भिंतीला धरून चालतात. नळाला दिवसाआड पाणी येतं, ते भरायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. पीठ लागलेले हात जोडून म्हणाल्या, पोरीला सांभाळा. मी म्हटलं, काही काळजी करू नका.

बुधवार, २१ ऑगस्ट

रोज दोन ओळी लिहायचा केलेला पण महिनाभर मोडला. पण सुखाने मोडला! घरी यावं तर पोळ्यांचा वास. वल्लरीच्या कामाला एक वळण आहे. मोज्याच्या जोड्या एकात एक घालून त्यांचा चेंडू करते. शर्टांच्या कॉलर आत दुमडते. घासलेली भांडी फडक्यावर उतरत्या क्रमाने उपडी घालते. पोळीला तूप लावून चौघडी घालते आणि वरच्या पोळीवर बोटाने एक खळगा करते, का ते तिलाच माहीत. अनुष्का मराठीत "मला अजून पाहिजे" म्हणायला लागली. मी चार वर्षं डोकं आपटलं होतं त्यासाठी.

सकाळी सहाला उठते, रात्री नऊला खोलीत जाते. रविवारी मंदिरात जाईन म्हणते आणि मग कुणीतरी जेवायला येतं आणि राहून जातं. मी तिला बस म्हणत नाही, हे खरं आहे. मी परत जिमला जायला लागले आहे, हेही खरं आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

संपदा जेवायला आली होती. ती एका मोठ्या कंपनीत लोकांच्या पगाराचं काम बघते. श्रीखंड वाटीत घेताना तिने सहज विचारलं की वल्लरीला काय देतेस. मी सांगितलं. ती खाली बघत म्हणाली की घरात राहून काम करणारी मुलगी कायद्याने नोकरच असते. लेखी करार हवा, प्रत्येक तासाला किमान वेतन हवं, सुट्टीचे पैसे हवेत, तासांची नोंद हवी. खोलीचं भाडं कापायचं तर तेही आधी ठरवून. मी म्हटलं, अगं ती मला बहिणीसारखी आहे.

"मग बहीण टेबलावर का नाही ग बसली आपल्याबरोबर?" असं म्हणून संपदाने ओट्याकडे पाहिलं. वल्लरी पुऱ्या तळत होती.

मला राग आला. लोकांच्या घरात जेवून लोकांनाच शहाणपण शिकवायचं! संध्याकाळी मात्र फोनवर आकडेमोड करून पाहिली आणि आकडा यायच्या आत फोन पालथा घातला. मार्चमध्ये कर्जाचं व्याज बदलेल, तेव्हा बघू. दिवाळीला तिला चांगला ड्रेस घेईन.

सोमवार, ४ नोव्हेंबर

घेतला. काठाचा, मोरपंखी रंगाचा. ती पाया पडली. त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. झाले मात्र नाही. फराळाची ताटं विसळायला तिच्याकडेच सरकवली.

सोमवार, ३१ मार्च

वल्लरी आज गेली. गाडीने तीन तासांवर, टौरंगाला, किवीफ्रूटच्या पॅकहाऊसमध्ये, फळं निवडून खोक्यांत भरायच्या कामाला. रात्री आठ ते सकाळी सहा अशी पाळी, तासाला पैसे, दर आठवड्याला पगाराची पावती. पावतीचं तिने दोनदा सांगितलं.

काल पाडव्याची जेवणं उरकल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की ताई, आठ महिन्यांचं राहिलेलं काही मिळेल का. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरने एप्रिलची तारीख दिलीय. आवाज इतका खाली की मला ऐकू आलं नाही असं दाखवणंही सोपं होतं. तसं नाही केलं. त्याहून वाईट केलं. म्हटलं, "अगं, तू काय कायमची चालली आहेस का? परत येशील तेव्हा बघू."

आणि तिची ओटी भरली. लग्न झालेलं नसलं म्हणून काय, कुमारिकेचीही भरतात. पाडव्याचा नारळ होताच. बॅगेतला जुना खण काढला, तांदूळ घातले, हळदीकुंकू लावलं. आमच्याकडे पद्धत आहे, माहेरवाशिणीने ओटीतले चार दाणे घरच्या डब्यात परत टाकायचे, म्हणजे ती फिरून घरी येते. ते मी तिला सांगितलं. तिने चार दाणे डब्यात टाकले. डोळ्यांत पाणी होतं. मी स्वतःला सांगितलं की ते मायेचं आहे.

मला माहीत आहे ते कशाचं होतं. इथे तरी लिहायला हवं.

मंगळवार, ८ एप्रिल

आठवडाभर घराचा उकिरडा झाला होता. आज सहाला अनुष्काला घेऊन आले तर वाळलेले कपडे घडी घालून कोचावर. मोज्यांचे चेंडू. कॉलर आत.

प्रसादला फोन केला. तो म्हणाला, मी आठपासून ऑफिसात आहे, आणि मोज्याची जोडी लावण्याएवढी माझी बुद्धी नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळची सगळी भांडी घासलेली. फडक्यावर उतरत्या क्रमाने उपडी. मागचं दार आतून बंद, किल्ल्या सगळ्या जागेवर.

ओट्यावर डबा होता. उघडला. दहा पोळ्या, चौघडी घातलेल्या, कोमट. वरच्या पोळीवर बोटाचा खळगा.

भीती वाटली, नाही असं नाही. पण आठवडाभर ब्रेड खाल्ला होता. आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या.

बुधवार, १६ एप्रिल

अनुष्का पाच वर्षांची होऊन शाळेत जायला लागली आहे, तिला सुट्ट्या म्हणून वरच्या खोलीत बसून घरूनच काम करत होते. अनुष्का खाली चित्रं काढत होती. अकराच्या सुमारास वर येऊन म्हणाली, "वल्लरी इज हिअर. बट शी वोन्ट टॉक टु मी."

मी धावत खाली गेले. कुणी नव्हतं. नळ गळत होता आणि निम्मी फरशी ओली होती. पुसलेली, ओळीत, भिंतीपासून दाराकडे.

अनुष्काला जवळ घेऊन विचारलं की काय करत होती वल्लरी. म्हणाली, मॉपिंग. आणि मग म्हणाली की तिचे डोळे मिटलेले होते. झोपेत काम करत होती, मम्मा.

सोमवार, २१ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. वल्लरीचाच फोन आला. जिवंत आहे, धडधाकट आहे! मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले.

मग तिने सांगितलं. पाळीवरून येऊन सकाळी सातला झोपते, तीनपर्यंत गाढ झोप लागते, तरी उठते ती गळून गेलेली. बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली असतात. उशाला लिंबाच्या साबणाचा वास येतो. तिच्याबरोबर राहणारी सलोनी म्हणते की तू झोपेत हात हलवत असतेस. हसत हसत म्हणाली की ताई, स्वप्नात रोज तुमच्याकडेच असते मी, पोळ्या लाटत. आमच्या खोलीपेक्षा तुमचं घरच जास्त दिसतं.

लिंबाचा साबण माझ्या समोर ओट्यावर होता.

मी म्हटलं, हवापालटाने होतं असं. डॉक्टरला दाखव. आईच्या ऑपरेशनची तारीख गेली का, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गेली असणारच.

गुरुवार, २४ एप्रिल

हे लिहायची लाज वाटते आहे. फ्रिजवर आज मी एक चिठ्ठी लावली. पडदे. ओव्हन. अनुष्काच्या गणवेशाचं बटण.

खरं आहे का भास, ते बघायचं होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवार, २ मे

सगळं झालं आहे. ओव्हन नव्यासारखा चकचकीत.

ऑफिसात मला टीमची प्रमुख केलं. साहेब म्हणाले की निशिगंधा, दोन महिन्यांत हीप्स, ढीगभर काम केलंस, कसं जमवतेस सगळं.

संध्याकाळी वल्लरीने फोटो पाठवला. मनगटापर्यंत लाल, फोड आलेले. ओव्हन साफ करायच्या औषधाने येतात तसे. तिने लिहिलं होतं की ताई, पॅकहाऊसमध्ये आम्ही फक्त फळं हाताळतो, हे कशाने झालं असेल.

मी चिठ्ठी फाडली. उत्तर दिलं नाही.

मंगळवार, ६ मे

बँकेचं पान उघडून बसले. तास मांडले, दर लिहिला, खोलीभाडं कापलं, सुट्ट्या मिळवल्या. आकडा आला. पैसे न दिलेले तास बाराशेच्या वर निघाले.

प्रसाद मागून बघत होता. म्हणाला, देऊन टाक. मग जाता जाता म्हणाला की नव्या हप्त्याचा या महिन्यात अंदाज येऊ दे, एवढंच.

एवढंच हवं होतं मला. लॅपटॉप मिटला. दोष त्याचा नाही. मीच मिटला.

शनिवार, १० मे

सलोनीचा फोन. वल्लरी बुधवारी कामावर, फळांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या झोपली आणि पडली. लागलं काही नाही. पण तेव्हापासून उठलेली नाही. हॉस्पिटलात आहे. तीन दिवस झोपलीय. सगळ्या तपासण्या ठीक. फक्त हात थांबत नाहीत.

बुधवारपासून इथेही थांबलेलं नाही. कपडे, भांडी, फरशी, परत फरशी. प्रसादला फक्त नळ ऐकू येतो. आज भर दुपारी मीही तिला पाहिलं. मोरपंखी ड्रेस. गुडघ्यांवर बसून जिन्याची पायरी पुसत होती. डोळे मिटलेले. खांद्याची हाडं वर आलेली. म्हटलं, वल्लरी, बस. बस कर ग बाई. दहा महिन्यांत पहिल्यांदा बस म्हटलं.

तिने फडकं पिळलं आणि पुढची पायरी घेतली.

रविवार, ११ मे

सगळे पैसे पाठवले. एक एक डॉलर. निम्मे वल्लरीच्या खात्यात, निम्मे वासंतीकाकूंना.

फरशी पुसणं चालूच.

काकूंना व्हिडिओ लावला. पोरीच्या काळजीने अर्ध्या झाल्यात. मी सगळं कबूल केलं, रडत. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की पैसे मिळाले हो ताई, पण डॉक्टर आता पावसाळ्यानंतरचं म्हणतात. तोवर घागर काही पैशाने उचलली जात नाही. आणि मग अगदी साधेपणाने, "तुम्हीच म्हणाला होतात ना वल्लरीला, घरच्यांचे हिशेब पैशात करायचे नसतात. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, तिला सोडवा. तिच्याऐवजी मी येते तुमच्याकडे.

मनापासून म्हटलं की तोंडदेखलं, देव जाणे. काकू म्हणाल्या, "या की. तुमची ओटीही भरायची राहिलीय." फोन भिंतीला टेकवून त्यांनी तिथेच ताटलीत खण ठेवला, तांदूळ घातले, माझं नाव घेऊन देवापुढे ठेवली. चार दाणे उचलून आपल्या डब्यात टाकले.

सोमवार, १२ मे

उठली! पहाटे उठली, चहा मागितला. सलोनी फोनवर रडत होती, मीही.

घर गप्प आहे. सिंकमध्ये खरकटी भांडी तशीच पडली आहेत. इतकं सुंदर दृश्य मी पाहिलं नव्हतं.

बुधवार, १४ मे

ऑफिसात दुपारी डुलकी लागली. दहा मिनिटं असेल. उठले तर नखांत पीठ. पांढरं, चिकट. वास घेतला. उडदाचं.

शनिवार, १७ मे

अनुष्काला गोष्ट वाचता वाचता झोपले. जागी झाले तेव्हा दोन्ही तळहातांना कळशीच्या काठाचा वळ. प्रसाद म्हणाला की तू झोपेत वाकत होतीस, पाणी उपसल्यासारखी.

त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. डॉक्टरची वेळ घेतली. पंचवीस जूनची मिळाली.

बाराशे तास. रोज किती झोपले तर—

मंगळवार, २० मे

कॉफी. थंड पाणी. उभं राहून जेवते. तरी डोळा लागतोच. तिथे उजेड वेगळा आहे. परसात शेवग्याचं झाड, दोरीवर पापड. काकू प्रेमाने वागवतात. चहा देतात. बस मात्र म्हणत नाहीत.

वल्लरीचा मेसेज आला. ताई, फार छान झोप लागते आता. आईपण म्हणते, कामाला कुणीतरी चांगली बाई मिळालीय. तुम्ही शोधून दिलीत का?

गुरुवार, २२ मे

प्रसाद वेलिंग्टनला. अनुष्काला आणायला संपदाला विचारलं होतं, पण तिला चारपर्यंत जमत नाही. गाडी चालवायची नाही असं ठरवलं होतं, पण पाऊस धो धो. आणली हळूहळू. शाळेसमोर लावली. किल्ली काढून घेतली. दारं बंद, काचा वर— तीनला पाच कमी. जागं राहायला लिहिते आहे.

लिहिते आहे. लिहिते आहे. अनुष्काची टोपी पिवळी. अनुष्काचा रेनकोट—

काचेवर पाऊस. नाही, पाऊस नाही. नळ आलाय. हंड्यात धार पडते तसा—

घंटा झाली. मुलं बाहेर येताहेत. पिवळी टोपी दिसली. दिसली मला. हात हलवतेय. दार उघडायला हवं, ती भिजते आहे, आतून बंद आहे, उघडायला—

कुणीतरी मागून हाक मारतंय, नळ जाईल ग, लवकर—

काचेवर तिचा हात. मम्मा, ओपन द—

आले हो काकू. आल